उजव्या कडेचं रेशीम

रेशीम धरून ठेवता येत नाही. सुती कापड मुठीत घेतलं की ते मुठीचंच होऊन जातं, चुरगळतं, तळहाताचा घाम आपलासा करतं. लोकर तर अंगाला बिलगून बसते आणि सोडवू म्हटलं तरी सुटत नाही. रेशीम हातात येतं तेच मुळी जायला निघालेलं असतं. बोटांच्या पेरांवरून त्याचा गारवा पुढे पुढे सरकत राहतो, आपण बोटं मिटेपर्यंत ते पलीकडे पोचलेलं असतं, आणि मागे उरतो त्याला धड स्पर्शही म्हणता येत नाही, ती स्पर्शाची नुसती हुरहुर असते. लहानपणी आत्याच्या पैठणीची घडी घालताना मला दुसरं टोक धरून उभं करत. "घट्ट आवळू नकोस गं, नुसती सांभाळ," आत्या म्हणायची. मी सांभाळायची, जीव लावून सांभाळायची, आणि तरी तो मोरांचा पदर माझ्या हातून सुळकन निसटून जायचा. आत्या रागवायची नाही, हसायची. मलाही हसू यायचं. आपल्या हातून आत्ता काहीतरी फार सुंदर घडून गेलं, असं त्या वयातही वाटून जायचं.

तो स्पर्श कितीतरी वर्षांनी मला इटलीत, कोमो गावात पुन्हा भेटला. नोकरीच्या निमित्ताने मी तेव्हा तोरिनो शहरात राहत होते आणि सुट्टी मिळाली की आगगाडीने जवळपासची गावं बघत हिंडत होते. कोमो म्हणजे डोंगरांच्या मधून वाट काढत गेलेलं लांबलचक तळं आणि त्या तळ्याच्या टोकाशी बसलेलं रेशमाचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या तिथे रेशीम विणलं गेलं, रंगलं, त्याच्यावर नक्षी उमटली. एका जुन्या दुकानात वयस्कर बाईंनी माझ्यासमोर टायचं कापड उलगडलं. गर्द डाळिंबी रंगाचं. दुपारचं तिरपं ऊन तळ्यावरून उसळून दुकानात आलं होतं आणि त्या उजेडात कापडाचा रंग एका अंगाने काळसर, दुसऱ्या अंगाने पेटल्यासारखा दिसत होता. मी नुसता हात ठेवला मात्र, आणि ते काउंटरच्या कडेवरून आपल्याच भाराने हळूहळू घसरू लागलं, मग एकदम वेगाने, आणि बघता बघता सगळंच्या सगळं खाली. बाई हसल्या. मला आत्या आठवली, आणि तिच्या पाठोपाठ, जणू तिनेच बोट धरून आणला असावा, तसा फुटबॉलपटू जीजी मेरोनी आठवला.

त्याचा जन्म याच गावातला. लुइजी मेरोनी, सगळ्यांचा जीजी, २४ फेब्रुवारी १९४३ ला कोमोत जन्मला. बाहेर युद्ध चालू होतं. तो दोन वर्षांचा असताना वडील गेले. आई रोझा विणकर. धागे जोडत, धागे सोडवत तिने तिन्ही मुलांना वाढवलं. त्या घरात दिवसाअखेर आईच्या हातांना कशाचा वास येत असेल, कोजागिरीच्या दुधासारखा पांढरा धागा दिवसभर नजरेखालून गेल्यावर तिला रात्री डोळे मिटल्यावर काय दिसत असेल, असं मी त्या गावातून चालताना पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत राहिले. जीजी सान बार्तोलोमेओच्या चर्चच्या मुलांबरोबर चेंडू खेळायला लागला आणि हाताला काम हवं म्हणून टायवरची नक्षी काढायला लागला. एका बाजूला कागद, पेन्सिल, रंग. दुसऱ्या बाजूला चेंडू. पुढे आयुष्यात त्याने यातलं काहीही सोडलं नाही. कोमोच्या क्लबाचं मैदान अगदी तळ्याला लागून आहे, शेजारी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ. उजव्या कडेने धावणाऱ्या त्या किडकिडीत पोराला पहिल्यांदा लोकांनी तिथे पाहिलं असेल, तेव्हा त्यांच्याही बोटांना काहीतरी जाणवलंच असणार. रेशमात जन्म गेलेली माणसं ती. त्यांना निसटणं कळतं.

विंगरची जागा मला नेहमीच हळवं करते. मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याला चारही दिशा मोकळ्या असतात. त्याला मागे वळता येतं, डावीकडे देता येतं, उजवीकडे बघता येतं. विंगरच्या एका अंगाला चुन्याची पांढरी रेघ असते आणि त्या रेघेपलीकडे काहीच नसतं. अर्धं जग त्याला जन्मतःच नाकारलेलं. उरलेल्या अर्ध्यात त्याचा वाटेकरी उभा असतो, प्रतिपक्षाचा फुलबॅक, धिप्पाड, खांदे रुंद, आणि साठच्या दशकातल्या इटलीत तर त्या फुलबॅकला कामच एक दिलेलं असे, या माणसाला वळू द्यायचं नाही. कातेनाच्चोचे दिवस होते ते. आधी गोल वाचवायचा, मग जमलं तर करायचा. प्रत्येक पुढच्या खेळाडूला एकेक पहारेकरी नेमून दिलेला, नव्वद मिनिटं त्याच्या श्वासाच्या अंतरावर. अशा वेळी रेघ आणि पहारेकरी यांच्यामध्ये उरते ती हातभर पट्टी. मेरोनी त्या पट्टीत राहायचा. तिथे त्याचं सगळं आयुष्य मावायचं.

मोजे घोट्यापर्यंत खाली ओघळलेले, नडगीला संरक्षण नाही, सदरा विजारीबाहेर, पाठीवर ७ हा आकडा. चेंडू पायाशी आला की तो आधी थांबायचा. त्याच्या खेळातलं मला सगळ्यात आवडतं ते हे थांबणं. वेगवान माणसं पुष्कळ असतात. वेगाच्या आधी इतकं निवांत उभं राहणारी थोडी. तो थांबला की समोरच्यालाही थांबावं लागे. समोरच्याचा भार टाचेवर जाई, नजर चेंडूवर खिळे, आणि मग मेरोनीचा खांदा एकीकडे जाई, कंबर दुसरीकडे, पाय तिसरीकडेच, आणि या सगळ्यातून चेंडू कुठल्या वाटेने गेला हे त्या पहारेकऱ्याला वळून पाहिल्यावरच कळे. त्याच्या जुन्या, कृष्णधवल, ठिकठिकाणी तुटलेल्या चित्रफिती मी रात्री उशिरापर्यंत पाहिल्या आहेत. त्यांत बचावपटूचा हात पुढे आलेला दिसतो, सदरा पकडायला. बोटं मिटतात. मुठीत काही नसतं. मला माझीच बोटं दिसतात तिथे.

कोमोहून तो १९६२ साली जेनोआला गेला. समुद्राकाठचं, चढउतारांचं ते बंदराचं शहर त्याच्यावर इतकं भाळलं, की दोन वर्षांनी क्लबाने त्याला विकलं तेव्हा लोक निषेध करत रस्त्यावर उतरले. तोरिनो क्लबाने त्याच्यासाठी ३० कोटी लिरा मोजले होते, इतक्या कोवळ्या खेळाडूसाठी तेव्हा आ वासायला लावणारी ती रक्कम. आणि असा तो तोरिनोच्या डाळिंबी सदऱ्यात आला. तोरिनोचे लोक आपल्या क्लबाला 'तोरो' म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज किंचित खाली येतो. सुपेर्गाच्या टेकडीकडे पाहिल्याखेरीज त्या क्लबाविषयी बोलताच येत नाही. ४ मे १९४९ च्या धुक्यात इटलीचा सर्वात थोर संघ, सलग पाच वेळचा विजेता, विमानासकट त्या टेकडीवरच्या बॅसिलिकेच्या भिंतीवर आदळला आणि ३१ जणांतलं कोणीही वाचलं नाही. त्या विमानाच्या वैमानिकाचं नाव होतं पिएरलुइजी मेरोनी. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. तरीही पंधरा वर्षांनी त्याच आडनावाचा एक मुलगा त्या सदऱ्यात मैदानावर उतरला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या काळजात काय हललं असेल! पण तो खेळू लागला आणि ते आडनाव हसरं झालं. नेरेओ रोक्को प्रशिक्षक होते, आदल्याच वर्षी मिलानला युरोपियन कप मिळवून दिलेले, करडे, जुन्या वळणाचे. त्यांच्या हाताखाली १९६४-६५ च्या हंगामात तोरो तिसऱ्या क्रमांकावर आला. सुपेर्गानंतर पहिल्यांदाच इतका वर. लोकांनी मेरोनीला नाव दिलं, डाळिंबी फुलपाखरू.

कोमोच्या रेशीम संग्रहालयात मी कोश पाहिले होते. एका कोशात हजारेक मीटर लांबीचा अखंड धागा गुंडाळलेला असू शकतो, आणि तो अखंड मिळावा म्हणून कोश वाफेत धरतात, गरम पाण्यात सोडतात. आतल्या जिवाला बाहेर येऊ देत नाहीत. तो पतंग होऊन बाहेर पडला तर कोशाला भोक पडतं, धागा जागोजाग तुटतो, बाजारात त्याचं मोल उतरतं. मी त्या काचेसमोर खूप वेळ उभी राहिले. धागा अखंड हवा असणारी माणसं साठच्या दशकातल्या इटलीत सगळीकडे होती, घरांत, चर्चमध्ये, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, संघनिवडीच्या खोलीत. आणि हा एक बाहेर पडलेला.

त्याचे केस मानेवर रुळणारे, बीटल्सच्या दिवसांतले. दाढी. स्वतःचे कपडे तो स्वतः कागदावर काढायचा आणि शिंप्याकडून बेतून घ्यायचा. चित्रं रंगवायचा. एकदा म्हणे कोमोत कोंबडीला दोरी बांधून कुत्र्यासारखी फिरवायला निघाला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एदमोंदो फाब्ब्री यांनी त्याला केस कापायला सांगितलं. त्याने कापले नाहीत. १९६६ च्या विश्वचषकाला त्याला नेलं खरं, पण खेळवलं एकाच सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध. तो सामना इटली हरली. पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं, आणि मिडल्सब्रोच्या मैदानावर उत्तर कोरियाने इटलीला घरी पाठवलं. परत आल्यावर त्याच्या केसांचा उद्धार करणारे तरीही होतेच. मी हे वाचते तेव्हा मला राग येत नाही, जीव तुटतो. कुणाच्या मानेवरच्या चार बोटं केसांची इतकी भीती! त्याच फाब्ब्रींकडे पुढे १९६७ मध्ये तोरोची सूत्रं आली, आणि दोघं एकाच ड्रेसिंगरूममध्ये पुन्हा भेटले. आयुष्य असं माणसांना फिरवून फिरवून समोरासमोर आणतं.

आणि क्रिस्तियाना. तिचं लग्न घरच्यांनी दुसऱ्याशी लावून दिलं होतं, ते तिने मोडलं आणि ती जीजीकडे आली. इटलीत घटस्फोटाचा कायदा तेव्हा नव्हता. तो व्हायला १९७० साल उजाडावं लागलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती परक्याची बायको, धर्माच्या नजरेत दोघं पापी. आणि ही दोघं तोरिनोच्या पियाझ्झा व्हित्तोरियोत, एका छपराखालच्या माडीवर, संसार मांडून बसलेली. त्या चौकाच्या एका टोकाला पो नदी वाहते. संध्याकाळी कमानींच्या सावल्या फरशीवर लांब पडतात आणि नदीकडून ओलसर वारा येतो. मी तिथे कितीदा तरी उगाच जाऊन बसले आहे. वरच्या उतरत्या छपरांतल्या छोट्या खिडक्यांकडे बघायचं आणि मनाने आत शिरायचं: कॅनव्हास भिंतीला टेकवलेले, टर्पेंटाइनचा उग्र वास, एखादी रेकॉर्ड फिरतेय, आणि रविवारच्या सामन्यात खाल्लेल्या लाथांनी काळानिळा झालेला पाय उशीवर ठेवून तो तिचं चित्र काढतोय. एवढं सुख कुणाला सलावं?

पण ज्यांना ते सलत नव्हतं त्यांच्याविषयी मला आज जास्त सांगायचं आहे.

माझ्या घराखालच्या कॉफीबारमध्ये एक आजोबा रोज सकाळी यायचे. मिराफिओरीच्या फियाट कारखान्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. मी मुंबईची, आणि आमच्याकडच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षं फियाटच होत्या, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की जणू मी त्यांच्याच गल्लीतली. तेव्हापासून ते मला कॉफीचे पैसे देऊ देत नसत. "सिन्योरीना, बसा," म्हणायचे आणि मेरोनीचा गोल दाखवायचे. साखरेची उभी पुडी म्हणजे जाचिंतो फाकेत्ती, इंटरचा तो उंच, देखणा, जगातला उत्तम डावा फुलबॅक. पालथा कप म्हणजे गोलरक्षक सार्ती. कॉफीचा चिमुकला चमचा म्हणजे जीजी. १२ मार्च १९६७, मिलानचं सान सिरो. प्रशिक्षक एलेनियो एर्रेरांचा इंटर, दोनदा युरोप जिंकलेला, त्या मैदानावर तीन वर्षं अजिंक्य. आजोबा चमचा पुडीपाशी आणून थांबवत. थांबवत म्हणजे खरंच थांबवत. मी कॉफी प्यायचं विसरून त्या चमच्याकडे बघत बसे. मग चमचा जरासा थरथरे. पुडी एका अंगाला कलत असे, कारण दुसऱ्या हाताच्या करंगळीने आजोबाच तिला कलवत. आणि मग त्यांचं बोट टेबलावरून वर उचललं जाई, हवेत एक लांब, उतावीळपणाचा लवलेश नसलेलं वळण घेई, पुडीच्या डोक्यावरून, कपाच्या आवाक्याबाहेरून, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे उभा खांब आणि आडवी दांडी एकमेकांना भेटतात तिथे, अलगद जाऊन टेके.

ते बोट तिथे थोडा वेळ तसंच राहायचं.

मी तो गोल नंतर पडद्यावरही पाहिला. आजोबांचं वळण बरोबर होतं. चेंडूला त्या गोलात कुणी लाथ मारल्यासारखी वाटतच नाही. फाकेत्ती समोर आहे, वाट बंद आहे, आणि मेरोनी पेनल्टी एरियाच्या कडेशी अंग किंचित वळवून चेंडूला नुसता सोडून देतो. सोडून देतो हाच शब्द खरा. तोरोने सामना २-१ ने जिंकला, इंटरचा घरचा अजिंक्यपणा संपला. पण आजोबांना आकडे सांगायचे नसत. त्यांना सांगायचं असे ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी सोमवारी पहाटेच्या पाळीला कारखान्याच्या फाटकातून आत जाताना कुणाच्याही पायात शिसं नव्हतं. आठवडाभर एकच बोल्ट, एकच सांधा, एकच हालचाल करणारी माणसं ती; त्यांच्या हाताखालून जाणारा पट्टा थांबत नसे आणि त्यांना थांबू देत नसे. त्यांच्यासाठी रविवारी एक मुलगा थांबून दाखवत होता. चेंडू पायाशी घेऊन, सगळ्या मैदानाला ताटकळत ठेवून, स्वतःच्या मर्जीने. मग स्वतःच्याच मर्जीने निघत होता.

म्हणूनच त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जे झालं ते मला एखाद्या मोठ्या काव्यापेक्षा कमी वाटत नाही. त्याच शहरातल्या युव्हेंटस क्लबाने, म्हणजे आन्येल्ली घराण्याने, म्हणजेच फियाटच्या मालकांनी, मेरोनीसाठी ७५ कोटी लिरा देऊ केले. तोरोचे अध्यक्ष ओर्फेओ पियानेल्ली राजी होते. आणि शहर पेटलं. भिंतींवर पत्रकं लागली, अध्यक्षांच्या दाराशी गर्दी झाली, कारखान्यात कामगार काम बंद करायच्या गोष्टी बोलू लागले. ज्या मालकाच्या पगारावर चूल पेटते त्याला ही माणसं सांगत होती, बाकी सगळं तुझं, हा नाही. सौदा मोडला. दिवसाचे आठ तास विकलेल्या माणसांनी आपला रविवार विकू दिला नाही. आजोबा तेव्हा तिशीच्या आतले होते. हे सांगताना त्यांचे खांदे नकळत रुंद व्हायचे.

पुढचं मी थोडक्यात सांगते. १५ ऑक्टोबर १९६७, रविवार. दुपारी तोरोने सांपदोरियाला ४-२ असं हरवलं होतं. संध्याकाळी जीजी आणि त्याचा संघमित्र पोलेत्ती कोर्सो रे उंबेर्तो हा रुंद रस्ता ओलांडत होते. मध्यावर आल्यावर समोरून गाडी आली, म्हणून ते एक पाऊल मागे सरले. मागून दुसरी येत होती. ती चालवणारा १९ वर्षांचा मुलगा मेरोनीचाच निस्सीम चाहता होता. पुढे २००० साली तो तोरो क्लबाचा अध्यक्ष झाला. जीजी त्याच रात्री गेला. २४ वर्षांचा होता.

अंत्ययात्रेला वीस हजार माणसं लोटली. पाप्याला धर्मविधी कशाला, असं म्हणणारे त्या दिवशीही निघाले; पण तोरोचे धर्मगुरू फादर फ्रान्चेस्को फेर्राउदो त्याच्यापाशी उभे राहिले. आठवड्याने, २२ ऑक्टोबरला, नेमका युव्हेंटसशी सामना होता. हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, आणि ती वेचून मैदानाच्या उजव्या कडेला ठेवली, त्या हातभर पट्टीत. जीजीचा जिवलग नेस्तोर कोम्बिन अंगात ताप घेऊन खेळला आणि त्याने तीन गोल केले. चौथा गोल कारेल्लीने केला. सात नंबरचा सदरा त्या दिवशी त्याच्या अंगावर होता. ४-०. स्टेडियममध्ये लोक रडत होते, आणि रडता रडता जिंकत होते.

आज कोर्सो रे उंबेर्तोवर त्याचं स्मारक आहे. पानगळीच्या दिवसांत मी तिथून चालत गेले आहे. झाडांमधून येणारा पिवळा उजेड आडवा पडलेला असतो, कुणीतरी डाळिंबी मफलर बांधून ठेवलेला असतो, गाड्या जात असतात. तिथे थांबलं की गळ्याशी दाटून येतं. वैमानिकाचं आडनाव, मागे पडलेलं पाऊल, चाकामागचा चाहता मुलगा, ही गोष्ट इतकी घट्ट विणलेली आहे की एकदा ऐकली की सुटत नाही. पुस्तकं, चित्रपट, स्मरणसभा, सगळ्यांना ती तिथूनच सुरू करावीशी वाटते. मीही तोरिनोत नवी असताना मेरोनीला असाच ओळखत होते, मेलेला म्हणून.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की आजोबांनी मला ऑक्टोबरविषयी कधी काही सांगितलं नव्हतं. मीच एकदा विषय काढला. त्यांनी मान हलवली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि साखरेची पुडी उचलून टेबलाच्या मध्यभागी उभी केली. पुन्हा मार्च. पुन्हा फाकेत्ती. पुन्हा ते थांबणं. आधी मला वाटलं, त्यांना दुःख बोलवत नसेल. आता वाटतं, ते मला काहीतरी शिकवत होते. मरणाला अशी खोड असते, की ते माणसाच्या शेवटच्या क्षणावर बोट ठेवतं आणि तिथून मागचं सगळं आयुष्य आपल्या सावलीत ओढून घेतं. मग त्याचं हसणं निष्पाप राहत नाही, त्याचं धावणं नुसतं धावणं राहत नाही. जो तो त्यात पुढच्या अपघाताची चाहूल शोधू लागतो. आजोबा हे होऊ देत नव्हते. पंचेचाळीस-पन्नास वर्षं हा माणूस चमच्याने आणि साखरेने एका मुलाला त्याच्या मरणाच्या हातून सोडवत आला होता.

हिशेब मांडायचा तर जीजी मेरोनीचा फार मोठा नाही. तीन क्लब, राष्ट्रीय संघाचे सहा सामने, त्यांत दोन गोल, लीगचं विजेतेपद एकही नाही. काय काय झालं असतं, याचे सुस्कारे मी आता टाकत नाही. जे झालं ते भरपूर होतं, आणि ते कुणाला स्वतःजवळ ठेवायला म्हणून झालंच नव्हतं. पहारेकऱ्याच्या मुठीतून, आन्येल्लींच्या ७५ कोटींतून, प्रशिक्षकाच्या कात्रीतून जो निसटला, त्याला अपघाताने धरून ठेवावं हे मला मान्य नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती करते. कधी कुठे त्याचं नाव निघालं, तर ऑक्टोबरचा तो रस्ता आधी सांगू नका. १२ मार्च १९६७ सांगा. तो दिवस त्याचा स्वतःचा होता, आणि त्या दिवशी तो जिंकला होता.